वहिनीचं अंग आणि भरली घागर

बायकांच्या ज्या दुखण्याचं नाव आमच्या बुऱ्हाणपुरात कोणी घेत नसे, ते मी इथे सरळ लिहिते: अंग बाहेर येणं. चळवळीची पत्रकं वाटून माझी जीभ सैल झाली, असं आई म्हणे. असेल.

वहिनीला दुसरी मुलगी झाली. थोड्याच दिवसांनी तिने मला न्हाणीत ओढलं. "वन्सं, खोकलं की खाली काहीतरी उतरतं. लिंबाएवढं. लुगडंही ओलं होतं. कुणाला बोललात तर माझ्या गळ्याची शपथ."

भीती खोटी नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या एकीला याच कारणाने माहेरी धाडून नवऱ्याने दुसरी आणली होती. तेव्हा कायद्याची आडकाठी कुठे होती? पुरुषाला दुसरी बायको मिळे, बाईला औषधसुद्धा नाही!

जैनाबादला मावशीकडे जातो अशी थाप मारून मी वहिनीला इस्पितळात नेलं. लेडी डॉक्टर म्हणाल्या, आतले स्नायू ढिले पडलेत. उताणं निजायचं, लघवी अडवताना ओढतो तसं आत ओढायचं, जरा धरायचं, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. महिनोन् महिने, रोज. आणि ओझं मुळीच उचलायचं नाही.

दुपारी दार लोटून आमची तालीम सुरू झाली.

"पोट कशाला ताठ करताय? खालून ओढा."

"ओढतेय की! तुम्हाला काय, ना लग्न ना लेकरू. आल्या मास्तरीणबाई!"

हसू फुटलं, आणि हसताच तिचा चेहरा पडला. पुन्हा ओलं झालं होतं.

त्यात सव्वा महिना भरला. आमच्याकडे बाळंतिणीने तापीवर जाऊन पाणी पुजायचं आणि भरली घागर डोक्यावर घेऊन घाट चढायचा. घागर उणी राहिली तर दूध उणं पडतं म्हणे. मी आईला म्हटलं, यंदा लोटीवर भागवू. "का? हात मोडलेत तिचे?" का ते सांगता येत नव्हतं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

घाटावर गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या. वहिनीने घागर अर्धीच बुडवली. एक शेजारीण हसली, "अगं, माहेरी काय खायला देत नव्हते?" आईने घागर काठोकाठ भरली आणि दोघींनी मिळून ती वहिनीच्या डोक्यावर ठेवली. दुसऱ्या पायरीवर वहिनीने मांड्या आवळल्या. मला राहवलं नाही.

"उतरवा ती! अंग बाहेर येतंय तिचं!"

"हाय राम, शरम नाही पोरीला," कोणीतरी पुटपुटलं. आईने घागर उतरवून नदीत ओतली आणि चालू लागली. वाटेत वहिनी एवढंच म्हणाली, "तुमचं पत्रक झालं वन्सं, माझं घर गेलं."

संध्याकाळी दादा कापसाच्या जिनिंगवरून आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. तो उंबऱ्यातच थांबला. मला वाटलं, आता माहेरचं गाडं जुंपायला सांगणार.

आईने त्याची खाट ओढून ओसरीत टाकली. "सून माझ्या खोलीत निजेल. पाणी तू भरायचं."

"लोक काय म्हणतील? आणि किती दिवस?"

"ते तिला विचार."

दादाने वहिनीकडे पाहिलं. ती बाळाला पाजत होती. तिने मान वर केली नाही. माझ्याशी ती पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.