हरायचं मतदान

सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, भेटत. कॉफी बशीत ओतून पीत आणि बोलायला सुरुवात करताना हमखास "आता असं बघा" म्हणत. त्यांची मुलगी अमेरिकेत शाळेत शिकवायची, त्यामुळे तिथल्या बंदुकांच्या कायद्याची बातमी ते सोडत नसत.

तिथल्या अध्यक्षांचं बंदुकांवर बंधनं आणणारं विधेयक सिनेटमध्ये पडलं तेव्हा मी म्हटलं, "हरणार हे माहीत असताना मतदान घ्यायचंच कशाला?"

"आता असं बघा, मतदान झालं नसतं तर सगळेच सिनेटर म्हणाले असते, आम्ही तुमच्याच बाजूचे. आता कोण कुठे उभं आहे ते लोकांना दिसलं. निवडणुकीत तेच कामाला येतं."

पुढे आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत त्यांनी मुलांच्या नाटकातली खोटी बंदूक काढून टाकायची सूचना मांडली. सगळे हसले.

"हसा, पण हात वर करून मत द्या," ते शांतपणे म्हणाले.

सूचना पडली. बाहेर येताच त्यांनी मुलीला फोन लावला. "हरलो गं!" ते खुशीत सांगत होते, "पण नाटक बसवणाऱ्या बाईंचा हात आपल्या बाजूने वर होता!"