लेम्पीच्या मनगटावरची वेळ

आमच्या नदीच्या अलीकडे स्वीडन, पलीकडे फिनलंड. पलीकडे दोन वाजले की अलीकडे एकच. लेम्पी राहायची अलीकडे, पण चाळीस वर्षं नर्स होती पलीकडच्या दवाखान्यात. निवृत्त झाली तरी मनगटावरचं घड्याळ पलीकडचंच! तिला वेळ विचारली की गावातलं शेंबडं पोरही मनात एक तास वजा करी.

तर त्या एप्रिलात ओंडक्यांची रास घसरली आणि शेजारच्या वाल्फ्रिदचा पाय गुडघ्याखाली चेचला. लेम्पीने आधी दोन्ही हातांनी दाबून धरलं. रक्त बोटांतून उसळतच राहिलं. मग त्याचाच कमरपट्टा मांडीला आवळून पान्याने पीळ दिला, तेव्हा कुठे ते थांबलं. ओंडक्यांवर खुणा करायच्या निळ्या खडूने तिने त्याच्या कपाळावर वेळ लिहिली, दोन-दहा. दोन तासांत सर्जन हवा, नाहीतर पट्ट्याखालचा पाय हातचा जातो.

"सैल कर गं बाई," वाल्फ्रिद कण्हला.

"सोडला तर पाय राहील, तू राहणार नाहीस."

"कपाळावर काय लिहिलंस? माझी किंमत?"

"गप्प पड. नाडी मोजू दे." नाडी एकशे तीस. ओठ पांढरेफटक.

अँब्युलन्स यायला सत्तर मिनिटं लागली. आतली मुलगी दक्षिणेकडची, इथे नवीन. तिने कपाळ वाचलं, आपलं घड्याळ पाहिलं. दोन-वीस.

"आजी, आधी हातानेच दाबून धरलं होतं ना?"

"हो," लेम्पी कशीबशी म्हणाली. तिचं सगळं लक्ष वाल्फ्रिदकडे होतं.

"म्हणजे पट्ट्याला दहाच मिनिटं झालीत. शंभर मिनिटांचा रस्ता. बसतंय हिशोबात," मुलगी ड्रायव्हरला म्हणाली. दार लागलं, गाडी गेली.

वाल्फ्रिदच्या स्वयंपाकघरात लेम्पी हात धुवायला गेली. नळाचं पाणी लाल वाहत होतं. भिंतीवर दोन-पस्तीस. मनगटावर तीन-पस्तीस. दहा नाही, सत्तर! तो पोहोचेल तोवर पावणेतीन तास उलटलेले असतील.

ओल्या हातांतून फोन दोनदा निसटला.

"शांत व्हा आजी, नीट सांगा," फोनवरचा माणूस म्हणाला.

"शांत कसली होऊ? त्याच्या पायाचा एक तास मी खाल्लाय! ती वेळ फिनलंडची आहे. एक-दहाला बांधलाय पट्टा! हेलिकॉप्टर पाठव बाबा, आत्ता!"

बर्फ ओसरलेल्या पायरीवर ती बसून राहिली. घड्याळ काढून खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं. पंचवीस मिनिटांनी आभाळात घरघर ऐकू आली, आणि तिला रडू फुटलं.

वाटेतल्या आरागिरणीच्या मैदानातून हेलिकॉप्टरने त्याला उचललं. सर्जनपुढे पोहोचला तेव्हा दोन तासांवर अकरा मिनिटं झाली होती. पाय वाचला. पंजा मात्र वर उचलला जात नाही, फरफटतो.

लेम्पी भेटायला गेली तेव्हा मान वर करेना. वाल्फ्रिदनेच तोंड उघडलं.

"ए लेम्पी, टाच आली अलीकडे. बोटं अजून तुझ्या फिनलंडात आहेत. काय करू गं?"

ती हसली नाही. तिने खिशातून घड्याळ काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत काटा एक तास मागे फिरवला.