एका डब्यात बसायचं नाही

मला भांडखोर म्हणतात. म्हणू देत. बालाघाटात सर्व्हर सांभाळणारी बाई गरीब गाय असली, तर तिच्या हातात कुणी स्क्रूड्रायव्हरसुद्धा देत नाही.

लालबर्रा रोडवर दोन भावांच्या दोन राईस मिल आहेत आणि मधे भिंत आहे. भिंत वाटणीनंतर आली. त्याआधी कारभार एकच होता, आणि तेव्हा घरच्या एका हौशी जावयाने दोन मोठे सर्व्हर आणून, एकमेकांना जोडून त्यांचा क्लस्टर करून दिला होता. दोन्ही मिलमध्ये त्यांना डबेच म्हणतात. प्रत्येक मिलचा कारभार एकेका व्हर्च्युअल मशीनवर चालतो. हे मशीन लोखंडाचं नसतं, सॉफ्टवेअरचं असतं, त्यामुळे ते कुठल्याही डब्यात बसतं. एक डबा बंद पडला की त्यातलं मशीन काही मिनिटांत दुसऱ्या डब्यात आपोआप सुरू होतं. एवढ्यासाठीच तर दोन डबे घ्यायचे.

वाटणीत जमीन वाटली गेली, गोदामं वाटली गेली, देवघरातले टाकसुद्धा वाटले गेले. एकेक डबा एकेकाच्या नावावर झाला, पण क्लस्टर काही वाटता येईना; दोन्ही डबे भिंतीच्या टोकाच्या सामाईक खोलीतच राहिले. मग थोरल्यांनी मला बोलावून सांगितलं, "त्याचं मशीन माह्या डब्यात कधीच याले नाही पायजे." दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी बोलावलं आणि तेच सांगितलं. वाटणीनंतर दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

असा नियम क्लस्टरला घालता येतो, आणि तो दोन तऱ्हांनी घालता येतो. 'जमेल तोवर वेगळं ठेव' ही एक तऱ्हा, आणि 'कधीच एकत्र आणू नको' ही दुसरी. मी दोघांनाही बजावलं होतं, की डबे दोनच आहेत. 'कधीच नाही' म्हटलं तर एक डबा गेल्यावर त्यातल्या मशीनला जायला जागाच उरणार नाही. शेजारच्या डब्यात जागा मोकळी असली तरी क्लस्टर ते सुरू करणार नाही, कारण नको म्हणून आपणच सांगितलेलं असेल.

"जाऊ दे," थोरले म्हणाले. "आमी एकमेकाच्या घरचं पानी पेत नाही, अन् तू डब्याचं सांगून राह्यली."

नियम कडकच लागला.

यंदा धान निघायच्या दिवसांत, ऐन सकाळी, धाकट्यांच्या डब्याचा पॉवर सप्लाय जळाला. नवा नागपूरहून येणार होता, म्हणजे तो दिवस तर गेलाच. मी पोहोचले तेव्हा गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते. काट्यावरचं वजन थेट मशीनमध्ये जातं आणि पावती तिथूनच निघते. मशीन बंद, म्हणून काटाही बंद. मी स्क्रीन उघडून पाहिली. थोरल्यांचा डबा अर्ध्याहून जास्त मोकळा होता आणि धाकट्यांचं मशीन नियमाशी अडून निपचित पडलं होतं. क्लस्टरचं काही चुकलं नव्हतं. सांगितलं होतं तेच त्याने केलं होतं. मला राग आला तो माणसांचा.

रांगेत सगळ्यांत पुढे कटंगीकडची एक बाई धानाच्या पोत्यांवर बसली होती. तिने मला हाक मारली.

"बाई, माहं धान तोलून दे. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा आहे. सांजेच्या आत त्याले वापस नाही केला, तं त्याचं धान वावरातच राहीन. मंग पुढच्या साली मले कोन देईन ट्रॅक्टर?"

मी धाकट्यांकडे गेले. म्हटलं, "काकाजी, नियम सैल करते. पाच मिनिटांत काटा सुरू होईल. मशीन तेवढं त्यांच्या डब्यात चालेल."

"दादाच्या डब्यात? त्यापरीस मिल बंद राहीन."

बाहेर लोक उन्हात उभे, आणि हे पंख्याखाली बसून मिल बंद ठेवायला निघाले. मी भिंतीला वळसा घालून थोरल्यांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"वाटण्या झाल्या. आता काहून एकत्र आणून राह्यली तू?"

"बाहेर माणसं खोळंबलीत, काकाजी."

"त्याची माणसं आहेत. त्याले पाहू दे."

मी पाय आपटत सर्व्हरच्या खोलीत आले आणि 'कधीच नाही' काढून 'जमेल तोवर' केलं. विचारलं नाही, सांगितलंही नाही. माझ्या घरची निम्मी चूल या दोन मिलवर पेटते हे त्या वेळी मला चांगलं ठाऊक होतं. धाकट्यांचं मशीन थोरल्यांच्या डब्यात सुरू झालं. काटा सुरू झाला. पहिला ट्रॅक्टर त्या बाईचा चढला, आणि उन्हं कलायच्या आत ती पावती घेऊन कटंगीच्या वाटेला लागली. तिने माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

व्हायचं ते झालंच. थोरल्यांनी निरोप धाडला, नियम होता तसा कर, नाही तर गोंदियाहून दुसरा माणूस आणतो. तासाभराने धाकट्यांचाही निरोप आला, जवळजवळ याच शब्दांत.

मी दोघांना एकच उत्तर पाठवलं. सर्व्हरच्या खोलीत एक बाक आहे. दोघं मिळून या, त्या बाकावर शेजारी शेजारी बसा, आणि माझ्यासमोर एकदा म्हणा की कधीच नाही. तिथल्या तिथे नियम घालीन, किल्ली ठेवीन आणि घरी जाईन. दुसऱ्या माणसाला आणलंत तर त्यालाही मी हेच सांगेन, की आधी या दोघांना बाकावर बसव.

मी त्या बाकावर अजून वाट पाहते आहे. एकत्र बसायला दोघंही तयार नाहीत, म्हणून मी घातलेला नियम तसाच आहे.