बांधाकडची अंबाडी

लग्न होऊन बोरीला आले तेव्हा माझ्याजवळ वनस्पतिशास्त्राची पदवी होती आणि त्या पदवीचा माज होता. माहेरी परभणीत वडील कारकून. कुंडीतली तुळस एवढीच आमची शेती. तरी पहिल्याच पावसाळ्यात मी सासूबाईंना म्हणाले, "खुरपायला मीपण येते." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. शिकलेल्या सुनेला रानातलं काही कळत नाही, हे त्यांनी मला पाहायच्या आधीच ठरवलेलं होतं. ते खोटं पाडायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

सोयाबीनमध्ये बायकांनी खुरपायला आपापली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, धरली. मला बांधाकडची मिळाली. कुणाला काही विचारणं पदवीला शोभलं नसतं. सोयाबीन म्हणजे शेंगवर्गीय, एका देठाला तीन पानं. झालं! तीन पानं ते पीक, बाकी सगळं तण. दोन मिनिटांत शेती शिकून मोकळी झाले. शेजारची बाई भाजीसाठी कुंजरू खुडून ओटीत टाकत होती. तण घरी नेते म्हणून मला तिची कीव आली. रानमुगाच्या तणाला मात्र मी माती लावून जपलं. त्याला तीन पानं होती ना!

दुपारी सासूबाई आल्या. माझी पात लख्ख. शाबासकीसाठी मी उभीच राहिले. त्यांनी ढिगातलं एक रोप उचललं.

"आगं, ही आंबाडी हाय. समदी उपटलीस?"

बी त्यांच्या माहेरचं होतं. आई गेल्यावर तेवढंच हाती उरलेलं, दरवर्षी बांधाकडेला पेरून टिकवलेलं. यंदा गाडग्यात एक दाणाही मागे ठेवला नव्हता.

आम्ही दोघींनी रोपं पुन्हा रोवली. मी कळशीने पाणी घातलं. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळ्या रोपांनी माना टाकल्या.

"तुमच्या कालिजात आंबाडी नव्हती का गं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

होती. पाच बोटांचं पान, पिवळं फूल, भेंडी-कापसाचं कूळ. परीक्षेत मी तिची आकृती काढली होती, पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. फक्त ती वीतभर उंचीची, बिनफुलाची, मातीत उभी असते हे कुणी छापलं नव्हतं.

"नव्हती," मी म्हणाले.

"मग तुजा काय दोस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली रिकामी कळशी घेऊन घराकडे निघाल्या.