मामूंच्या माथी विजेचं बिल

सात डिसेंबर, शनिवार. काम होतं एका बायंडिंगच्या कारखान्यात कुठलं पुस्तक बांधायला खरोखर किती खर्च येतो, ते काढण्याचं. कारखाना माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा. तिच्या अब्बांनी मंडईच्या मागे सुरू केला, आता ती चालवते. पैसे मिळणार नव्हते, त्यामुळे मी जरा जास्तच आत्मविश्वासाने बसले.

मी बावीस वर्षं कॉस्टिंग करते. खराडीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर बसून आमच्या कंपनीचा पंप किती रुपयांना पडतो, हे मी पैशापर्यंत सांगते. पंप बनतात तो कारखाना मी दोनदा पाहिलाय. त्यातल्या एकदा खंडेनवमीची पूजा होती, सगळी यंत्रं बंद होती आणि त्यांवर झेंडूच्या माळा होत्या.

घरीही मी हे करून पाहिलंय. एक पोळी किती रुपयांना पडते ते एकदा काढलं होतं. कणीक, तेल, गॅस आणि माझ्या पगाराच्या हिशेबाने माझा वेळ. आकडा ऐकून नवरा म्हणाला, "मग परवडत नाही. मी केळी आणतो." तीन दिवस आम्ही केळी खाल्ली.

मैत्रिणीची अडचण साधी होती. कारखान्यात दोन प्रकारचं काम चालतं. एक यंत्रावरचं: गाईड, अहवाल, वह्या, डिंक लावला की झालं. दुसरं हाताचं, म्हणजे जुजबंदी. पानांचे छोटे गठ्ठे, म्हणजे जुज, सुई-दोऱ्याने एकमेकांना शिवायचे. फाटलेल्या पोथ्या, कुराणाच्या जुन्या प्रती, वकिलांचे जाडे ग्रंथ त्यासाठी येतात. ते सगळं एकटे मामू करतात. हे तिचे सख्खे मामा, वय सत्तर, खिडकीपाशी टेबल. आता एक व्यापारी दुसरं यंत्र देऊ करत होता. ते ठेवायला जागा एकच होती, मामूंच्या टेबलाची. शुक्रवारपर्यंत त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"जुजबंदी परवडते का, एवढंच सांग," ती म्हणाली. "परवडत असेल तर मी यंत्राचं नाव काढणार नाही."

मी फोनवरून आकडे घेतले. जाण्याची गरज वाटली नाही. कागद, कापड, दोरा, मजुरी हे ज्या त्या पुस्तकावर सरळ लागतं. उरतं ते भाडं, वीज, यंत्राचा हप्ता आणि दुरुस्ती, महिन्याला साठ हजार. हे कुठल्याच एका पुस्तकाचं नसतं, म्हणून सगळ्यांवर वाटावं लागतं. कशाच्या प्रमाणात वाटायचं, यातच आमचा सगळा धंदा आहे. आमच्या कंपनीत माणसांच्या तासांवर वाटतात. मीही तासांवर वाटलं. तीन माणसं, सहाशे तास, तासाला शंभर रुपये. मामूंना एका पुस्तकाला तीन तास लागतात. साहित्य एकशेतीस, मजुरी दोनशेसत्तर, वर हे तीनशे. पुस्तक सातशेला पडतं आणि सहाशेला जातं. यंत्रावरच्या पुस्तकात चार रुपये सुटतात. तोट्याची ओळ लाल रंगात रंगवून मी तक्ता पाठवला आणि दुपारी छान झोपले.

रविवारी तिने मामूंना सांगितलं की नव्या वर्षापासून घरी आराम करा. बुधवारी तिचा फोन आला. "ते भांडत नाहीत गं. मला कळत नाही, एवढंच म्हणतात. तूच येऊन समजव."

गुरुवारी दुपारी मी तक्त्याची छापील प्रत घेऊन गेले. मामूंनी चष्मा पुसून तो वाचला. बोट एका ओळीवर ठेवलं.

"बेटा, दुरुस्तीचे सात हजार तीनशे माझ्याकडे लावलेस. कशाची दुरुस्ती? सुईची?"

"सुईची नाही मामू, कारखान्याची. सगळ्यांवर वाटलीय."

"वाटलीस ते बरोबर. तासांवर का वाटलीस?"

"तशी पद्धत आहे."

"कुणाची?"

"आमच्या कंपनीची."

"तिथे जुजबंदी कोण करतं?"

"तिला असलं विचारू नका मामू," मैत्रीण म्हणाली. "तिला या कामात तेविसावं वर्ष लागलंय."

मी त्यांना सरासरी म्हणजे काय ते समजावायला लागले. नीट, हळू, एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं. तेवढ्यात लाइट गेली. गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. डिंकाचं यंत्र थांबलं, कटर थांबला. यंत्रावरची दोघं हात पुसत चहाला गेली. मामूंनी स्टूल वीतभर खिडकीकडे सरकवलं आणि पुढचा जुज शिवायला घेतला.

मैत्रीण टेबलाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता या तासाची वीज मामूंकडे किती लावलीयस?"

"तेवीस रुपये," मी म्हणाले. आकडे माझे पाठ असतात.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामू शिवत होते. यंत्र खातं वीज, यंत्र मागतं दुरुस्ती, हप्ता यंत्राचा; पण यंत्रावर एक पुस्तक सहा मिनिटांत होतं, म्हणून त्याच्या वाट्याला दहा रुपये. मामू सावकाश काम करतात, म्हणून यंत्राचा खर्चही त्यांच्याच माथी. जो कमीत कमी खर्च करतो त्यालाच मी सर्वांत महाग ठरवलं होतं. वर मामू घरी बसले असते तरी भाडं तेवढंच राहिलं असतं आणि त्यांच्या वाटचे वीस हजार यंत्रावरच्या पुस्तकांवर पडले असते. हे मी दरवर्षी नव्या भरतीला पहिल्या आठवड्यात शिकवते.

"मी चुकले," मी म्हणाले.

"किती?" मैत्रिणीने विचारलं. कारखानदाराची मुलगी आहे, माफीवर थांबत नाही.

"ते मोजावं लागेल. उद्या सकाळी येते."

"खरंच येशील? का परत फोनवर?"

"येते."

"टेप घेऊन ये," मामू म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी सकाळी घरगुती कारण सांगून रजा टाकली आणि नऊला टेप घेऊन पोचले. टेपचं दुसरं टोक मामूंनी धरलं. त्यांची जागा कारखान्याच्या एक दशांश भरली. एक पंखा, एक दिवा, तोही साडेपाचनंतर. सगळं मिळून महिन्याला सत्तावीसशे रुपये. म्हणजे पुस्तकामागे तीनशे नव्हे, चाळीस. जुजबंदीचं पुस्तक चारशेचाळीसला पडत होतं आणि त्यात एकशेसाठ सुटत होते. यंत्रावरच्या पुस्तकात सुटणारे चार रुपये शोधत बसले, ते सापडले नाहीत. उलट तीस पैसे खिशातले जात होते. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर हे लिहून मी मैत्रिणीपुढे ठेवलं. तिने दोनदा बेरीज तपासली. तिचा तो हक्कच होता. मग व्यापाऱ्याला फोन लावून नको म्हणाली. मामूंना म्हणाली, "जानेवारीचं ते राहू द्या." ते "बरं" म्हणाले आणि तिच्याकडे दोऱ्याचं नवं रीळ मागितलं.

रजा दिवसभराची होती, म्हणून मी मामूंजवळ बसून सहा जुज दुमडले. त्यातले चार त्यांनी उलगडून पुन्हा दुमडले.