पुरेसा नमुना नाही

प्रयोगशाळेत नवी आलेली मुलं आठवडाभरात ताईंचं नाव ‘थांबाताई’ ठेवत. नावाला कारण होतं. रुग्णाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. वरचं जादा मेण मशीनच्या पात्याने उतरवायचं, तुकडा दिसू लागला की थांबायचं, आणि मग केसाहून पातळ काप घ्यायचे, हे त्या शिकवत. मुलांचा हात मशीनच्या चाकावर पडायचा अवकाश, ताईंचं ‘थांबा’ सुरू. रंग चढवताना चुकलं तर त्या हसत. जांभळा जास्त झाला? धुऊन टाका. गुलाबी फिका पडला? पुन्हा बुडवा. पण मेण उतरवताना कोणी गप्पा मारल्या, तर अशा खवळत की बाहेर पेंगणारा शिपाईसुद्धा दचकून उठे.

त्या दिवशी ताईंना ऑफिसातून बोलावणं आलं. परत येऊन बघतात तो वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी मशीनपुढे पांढरीफटक पडून उभी. ताईंची वाट न बघता तिने खऱ्या रुग्णाचा ठोकळा लावला होता. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. चाक नको तेवढं फिरलं आणि मेणाबरोबर तोही भुसा होऊन खाली गेला.

प्रयोगशाळेच्या मुख्य सरांना कळलं तर आपलं वर्ष वाया जाईल, म्हणून ती रडायला लागली. मग डोळे पुसून तिने हळूच मार्ग काढला.

“ताई, ‘पुरेसा नमुना नाही’ असं लिहायचं का? असे रिपोर्ट जातातच की. कोणाला कळणार आहे?”

ताई स्टुलावर बसल्या. बावीस वर्षांत जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी खाली बघत तिला सांगितलं. धाकट्या बहिणीचा तुकडा तपासायला आला, तेव्हा दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको म्हणून त्यांनी हट्टाने तो स्वतःकडे घेतला. पण तुकडा असाच गेला, आणि त्यांनी हेच तीन शब्द लिहिले. बहिणीला वाटलं, काही सापडलं नाही म्हणजे सुटले. पुन्हा तुकडा द्यायला ती गेली नाही, आणि आपलं बिंग फुटेल या भीतीने ताईंनीही तिच्यामागे लकडा लावला नाही. आठ महिन्यांनी दुखणं अंगभर पसरलं, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

“आणि कोणालाच कळलं नाही?” मुलीने विचारलं.

“तिलासुद्धा नाही. शेवटी शेवटी माझा हात धरून येईल त्याला सांगायची, माझी ताई प्रयोगशाळेत आहे म्हणून माझ्या तपासण्या तरी नीट झाल्या.”

ताईंनी तिला सांगितलं की आज खरं कळलं तर उद्या त्या रुग्णाला बोलावून पुन्हा तुकडा घेता येईल, उशीर झालेला नाही.

ती उठली आणि सरांच्या खोलीकडे गेली. ताई तशाच बसून राहिल्या. त्यांना ज्या माणसाला सांगायचं होतं, ते माणूसच राहिलं नव्हतं.