डिमेलो सरांचा डावा हात

१८ जानेवारी १९९८, रविवार. थंडी, आकाश स्वच्छ, वारा उत्तरेचा. उत्तरायणातले फाटके पतंग अजून तारांवर फडफडताहेत.

एकाच घरी वर्षभर दर रविवारी जात राहिलं, की किस्से साठतात. आपण गोळा करत नाही. चपलेला माती लागावी तसे ते आपल्याबरोबर घरी येतात. आज रविवार असून सुभानपुऱ्याला डिमेलो सरांकडे जायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

डिमेलो सर रेल्वेतून निवृत्त झालेले. जन्म भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, नोकरी बडोद्यात. त्यामुळे एका वाक्यात भुसावळची मराठी, गुजराती आणि इंग्रजी, तिन्ही! आयुष्यभर पियानो वाजवला आणि अर्धांगाच्या झटक्यात डावा हात गेला. मग एकच हट्ट उरला. जॅझमधली एक अवघड चीज लोकांसमोर एकदा शेवटपर्यंत वाजवायची. तिच्यात दर दोन मात्रांना खालचा सूर बदलतो, आणि मधूनच सगळी चीज उठून तिसऱ्याच पट्टीत जाऊन बसते. वेग तर विचारू नका! वरचं सगळं सर उजव्या हाताने निभावणार. डाव्या हाताचे खालचे सूर सांभाळायला मात्र बेस गिटारवाला हवा होता.

गावात बेसवाले होते, पण ते गरब्याच्या ऑर्केस्ट्रात. सरांना मी सापडलो १९९६ साली, आमच्या कारेलीबागेतल्या गणपतीच्या कार्यक्रमात. मी बाजव्याच्या एका कारखान्यात नोकरीला. बेस गिटार पुस्तकं वाचून शिकलेलो. कार्यक्रम संपल्यावर सर काठी टेकत मंचामागे आले.

"दिघे, तू फार वाईट वाजवतोस," ते म्हणाले. "पण वाईट ते अगदी वेळेवर वाजवतोस! रविवारपासून ये."

*

सरांनी त्या चिजेची कॅसेट दिली. मी महिनाभर रोज ऐकून खालचे सूर बसवले. सरांची पद्धत अशी, की प्रत्येक ओळ आधी पियानोवर बोटांनी दाबून दाखवायची, मग तारेवर घ्यायची. मी पियानोवर सगळी चीज न चुकता दाबून दाखवली. सर डोळे मिटून ऐकत होते.

"परफेक्ट," ते म्हणाले. "फक्त तू शेजारच्या घरात वाजवतोयस!"

माझ्या डेकचा पट्टा सैल झाला होता. कॅसेट हळू फिरायची, आणि सगळी चीज अर्धी पट्टी खाली उतरायची. महिन्याची मेहनत चुकीच्या पट्टीत!

ड्रमवर जगदीशभाई होते. विजेच्या सामानाचं दुकान चालवायचे. ते म्हणाले, "दिघेभाई, शेजारी चांगले आहेत ना? मग राहा तिथेच!"

*

मग पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळी घरी तास-दीड तास. एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबरला घेऊन दारात उभे. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार होती, की आमची पाण्याची मोटर बंदच होत नाही.

"मोटर नाही हो," माझी बायको सुमन म्हणाली. "हे शिकताहेत."

प्लंबर सज्जन माणूस. त्याने भिंतीला कान लावला, मला थोडं वाजवायला सांगितलं, लक्ष देऊन ऐकलं.

"बेन, बेरिंग गयुं छे," तो म्हणाला.

*

जगदीशभाईंची अडचण वेगळी. वीस नवरात्री गरबा वाजवलेला माणूस! जॅझची लय पाच मिनिटं नीट चालायची, मग हात हळूच गरब्यावर. सर थांबायचे, समजवायचे, पुन्हा सुरू. पुन्हा गरबा!

"शुं करूं, साहेब?" जगदीशभाई वैतागून म्हणाले. "हात आपोआप जातो!"

सरांनी मांडीवरचा डावा हात उजव्या हाताने उचलला आणि पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला. तो जसा ठेवला तसाच राहिला.

"जातो ना?" सर म्हणाले. "मग तक्रार कशाची करतोस, गधेडा?"

त्या दिवशी गरबा पुन्हा आला नाही.

*

दिवाळीनंतर सरांचं ब्लड प्रेशर चढलं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सरांनी लगेच दिवस ठरवून टाकला. नाताळनंतरचा रविवार, फतेगंजमधला हॉल, समाजाचं दुपारचं जेवण. डॉक्टरांना पियानोचं कळलं. ते म्हणाले, "वाजवा, पण सावकाश घ्या."

"सावकाश घेतली तर ती चीज मरते, डॉक्टर."

"आणि जोरात घेतलीत तर तुम्ही!"

सर खूश झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "टायमिंग बघितलंस त्याचं? हा माणूस ड्रमवर हवा होता."

*

रविवार आला. लोक पुलाव वाढून घेत होते. सुमन पहिल्या रांगेत. सरांनी वेग धरला तो जराही कमी नाही. पहिलं आवर्तन नीट गेलं, दुसरंही. तिसरं सुरू झालं आणि लाइट गेली.

पियानोला वीज लागत नाही, ड्रमलाही नाही. माझा अॅम्प्लिफायर मात्र गप्प. सरांचा उजवा हात वर एकटाच धावत होता, आणि खाली काही नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि मोठ्याने म्हणाले, "बेस!"

बेस ऐकू येत नाही म्हणतात, असं समजून मी आणखी जोर लावला. बोटाची साल निघाली. आवाज मलाच धड आला नाही. सरांनी चीज एका हाताने शेवटपर्यंत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना जगदीशभाई म्हणाले, "दिघेभाई, आमच्या गुजरातीत बेस म्हणजे बस! साहेब बाकावर उजवीकडे सरकले होते. डावीकडे बसून पट्ट्या दाबा म्हणत होते. तुम्ही पाहिलं नाही?"

"काहीतरीच!" सुमन म्हणाली. "भुसावळचा माणूस तो. बेस, म्हणजे छान झालं, आता राहू दे."

"बेस कुठे गेला, असं विचारत होते," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्यांनाच विचारायचं ठरलं. बुधवारी दुसरा झटका आला. सरांचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली.